वसतिगृहातील वीज : एक सांघिक ठेव

वीजबचतीचा विचार शाळेच्या भिंतीवर फार लवकर पोहोचतो. विद्यार्थ्याच्या हातापर्यंत यायला मात्र त्याला वेळ लागतो. दरवर्षी १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन येतो. निबंध लिहिले जातात, चित्रे रंगवली जातात, घोषवाक्यांचे फलक लागतात. आणि सर्व विद्यार्थी सभागृहात भाषणे ऐकत असताना निवासी खोल्यांतील पंखे रिकाम्या खाटांवर गरगरत राहतात. हे चित्र कोणा एका संस्थेचे नाही. जेथे अनेकजण एकत्र राहतात आणि बिल कोणीतरी तिसराच भरतो, तेथे थोड्याफार फरकाने ते दिसतेच. म्हणून दोष कोणाचा हे शोधण्याआधी असे का घडते, हे समजून घेतले पाहिजे.

आपल्या निवासी शाळेत येणारी बहुतेक मुले कोणत्या घरांतून येतात, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. शेतमजूर, ऊसतोड कामगार, वीटभट्टीवर राबणारे आईवडील, गावकुसाच्या कडेचे एक-दोन खोल्यांचे घर, त्यात एक दिवा आणि असला तर एक पंखा. या घरात वीजबचतीवर कोणी व्याख्यान देत नाही. तरीही तेथे एक दिवा उगाच जळत नाही. आई चुलीपुढून उठताना कळ दाबूनच उठते. मूल हे पाहत वाढते आणि न सांगता शिकते. तेच मूल वसतिगृहात आले की सहा महिन्यांत हा धडा विसरते. ते बिघडलेले नसते. घरातला दिवा ‘आपला’ होता. येथील दिवा ‘संस्थेचा’ आहे, एवढाच फरक त्याच्या मनात झालेला असतो. म्हणजे ज्या सवयीसाठी आपण फलक लावतो, ती मुलाने घरून येताना सोबत आणलेलीच असते. ती त्याच्या हातून सुटते ती आपल्या व्यवस्थेत. या लेखाचा विषय वीज हा आहेच. परंतु त्याहून अधिक तो ‘सर्वांचे’ या शब्दाचा अर्थ काय, हा आहे.

खानदेशातील विद्यार्थ्याला वीज कोठून येते हे पुस्तकातून शिकण्याची गरज पडू नये. भुसावळजवळ दीपनगर आहे. तेथील औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या दूरवरून दिसतात. त्या केंद्रात ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत आणि ६६० मेगावॉटचा नवा संच उभा राहिला आहे. तेथे कोळसा रेल्वेने येतो आणि पाणी तापी नदीवरील हतनूर धरणातून येते. तिकडे धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला, आणि त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्यांच्या रांगा फिरताना दिसतात. कोळसा, सूर्य आणि वारा या तिन्ही वाटांनी वीज निर्माण करणारा हा प्रदेश आहे.

आणि याच प्रदेशाने विजेची टंचाईही पुरेपूर भोगली आहे. ६ जून २००५ रोजी राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या. त्यानंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राला भारनियमनाच्या वेळापत्रकानेच दिवस मोजावा लागला. त्या काळात दहावी-बारावीची परीक्षा दिलेले आपले अनेक माजी विद्यार्थी आज पालक झाले आहेत. मेणबत्तीच्या किंवा कंदिलाच्या उजेडात केलेला अभ्यास त्यांच्या स्मरणात असेल. भारनियमनाचे ते दिवस मागे पडले. परंतु शेतीचा वीजपुरवठा अनेक ठिकाणी आजही आठवड्याच्या पाळीने दिवसा आणि रात्री विभागलेला असतो. रात्रीची पाळी आली की कपाशीला, गव्हाला किंवा केळीला पाणी देण्यासाठी शेतकरी आणि त्याचा सालदार अंधारात बांध तुडवत जातात. साप, विंचू आणि बिबट्या यांचे भय त्या वाटेवर असते. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून राज्यात सौर कृषी वाहिनी योजना राबवली जात आहे; हे योग्यच आहे. परंतु आपल्या खोलीतील पंखा रिकामा फिरत असताना आपल्याच एखाद्या सहाध्यायाचे वडील विजेची वाट पाहत बांधावर जागे असू शकतात, ही जाणीव ठेवण्यास कोणत्याही योजनेची गरज नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपण खोलीतला दिवा विझवला म्हणजे ती वीज थेट त्या शेतात जाते, असे नाही. वीजजाळे इतके सरळ चालत नाही. परंतु वाया गेलेल्या प्रत्येक युनिटमागे कोठेतरी कोळसा जळालेला असतो आणि कोठले तरी पाणी वाफ होऊन गेलेले असते, हे मात्र निश्चित. सूर्य मावळल्यानंतर सौर प्रकल्प थांबतात, घरोघरी दिवे लागतात आणि मागणी चढते. त्या वेळची वीज मोठ्या प्रमाणात औष्णिक केंद्रांतूनच येते. म्हणून सायंकाळी वाचवलेल्या युनिटचे मोल अधिक आहे.

मोल म्हणताना थोडे गणितही करू या. समजा, एका निवासी खोलीत २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब आणि ७५ वॅटचे दोन साधे पंखे आहेत. एकूण भार १९० वॅट झाला. विद्यार्थी वर्गात असताना ही उपकरणे रोज सहा तास सुरू राहिली, तर १.१४ युनिट वीज जाते. अशा वीस खोल्या असतील, तर रोजची २२.८ युनिटे होतात. आणि शाळेचे २२० दिवस धरले, तर वर्षाची सुमारे ५,००० युनिटे. औष्णिक केंद्रात एका युनिटसाठी सर्वसाधारणपणे साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे कोणाच्याही अंगाला वारा न घालता फिरलेल्या या पंख्यांपायी सव्वातीन ते साडेतीन टन कोळसा जळू शकतो. आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाण मोठे, बहुधा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक असते. म्हणजे एक टनाहून अधिक राख झाली. पाण्याचा हिशेब आपल्या भागाला अधिक जवळचा आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ठरवलेल्या निकषानुसार जुन्या औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरता येते. ५,००० युनिटांसाठी ते साडेसतरा हजार लिटर होते. पाच हजार लिटरचे साडेतीन टँकर! उन्हाळ्यात अमळनेर, पारोळा किंवा शिंदखेडा तालुक्यांतील एखाद्या गावात टँकरची वाट पाहत उभ्या असलेल्या स्त्रियांची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झाला आहे का? झाला आहे, आणि तो फार सूक्ष्मपणे झाला आहे. भिक्षुसंघाची विहारे, खाटा, आसने, भांडी ही कोणा एका भिक्षूची मालमत्ता नव्हती. ती ‘चातुर्दिश संघाची’ होती. चार दिशांतून आज आलेल्यांची आणि उद्या येणार असलेल्यांचीही. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, अशी आपली आजची समजूत आहे. संघाची समजूत याच्या नेमकी उलट होती. जे सर्वांचे आहे, ते स्वतःच्या वस्तूपेक्षा अधिक जपायचे असते. कारण त्यात न भेटलेल्या माणसाचाही वाटा असतो.

विनयपिटकात याचा एक साधा नियम आहे. थंडीच्या दिवसांत भिक्षूंनी संघाच्या खाटा-आसने उघड्यावर काढली, ऊब घेतली आणि ती न उचलता ते निघून गेले. पाऊस आला आणि सामान भिजले. त्यावरून नियम झाला : संघाची खाट किंवा आसन ज्याने उघड्यावर मांडले, त्याने जाताना ते स्वतः उचलावे, दुसऱ्याकडून उचलून घ्यावे किंवा निदान कोणाला तरी सांगून जावे, तसे न करता गेल्यास तो दोष होय. या नियमात खाटेऐवजी पंखा ठेवून पाहा. खोलीतून शेवटी निघणाऱ्याने बटण बंद करावे, ते जमत नसेल तर सोबत्याला सांगावे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या नियमात वसतिगृहाची आजची संपूर्ण नियमावली सामावलेली आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या दोषासाठी दंड नाही, हकालपट्टी नाही. सहकारी भिक्षूपुढे दोष सांगायचा आणि पुढे सावध राहायचे, एवढेच. विद्यार्थ्यांकडून पन्नास रुपये दंड वसूल करून वीज वाचवू पाहणाऱ्या व्यवस्थापनांनी या सौम्यतेचा अभ्यास करावा. दंडाने विद्यार्थी अधीक्षकांच्या पावलांचा कानोसा घ्यायला शिकतो. दिव्याकडे पाहायला शिकत नाही.

दुसरी कथा स्थविर आनंदांची. कौशांबीचा राजा उदयन याच्या राण्यांनी आनंदांना पाचशे उत्तरीय वस्त्रे दान दिली. एवढी वस्त्रे घेऊन हा भिक्षू काय दुकान थाटणार, असे राजाला वाटले. त्याने विचारले. आनंदांनी सांगितले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती देऊ. मग जीर्ण चीवरांचे काय? त्यांची अंथरुणे करू. जुन्या अंथरुणांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची बिछायत. मग पायपुसणी, मग केर झटकण्याचे फडके. आणि शेवटी त्या चिंध्या कुटून मातीत कालवून जमीन सारवू. हे ऐकून राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. दानावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेने ही कथा लक्षात ठेवावी. दात्याचा विश्वास मोठ्या इमारतीने जेवढा वाढतो, त्याहून अधिक तो दिलेल्या वस्तूचा शेवटचा धागा कसा वापरला जातो हे पाहून वाढतो.

आता एका गंभीर आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. आपला समाज पिढ्यान् पिढ्या अंधारात राहिला. आता कुठे घरात उजेड आला, तर लगेच त्यालाच काटकसर का शिकवता? शहरांतील विक्रीसंकुले दिवसाढवळ्या झगमगतात, त्यांना कोण विचारतो? हा प्रश्न खोडून काढण्यासारखा नाही. आणि या प्रश्नाचा विचार करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका फारशा न सांगितल्या जाणाऱ्या कार्याकडे वळावे लागते.

धुळ्याजवळ लळिंग येथील लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला आपण जमतो, ते बाबासाहेबांच्या १९३७ मधील भेटीच्या स्मृतीसाठी. त्या भेटीनंतर पाच वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्या खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर काळातील विद्युत विकासाविषयीच्या धोरण समितीपुढे त्यांनी भाषण केले. भारताला स्वस्त आणि विपुल वीज हवी. विजेवाचून औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणावाचून दारिद्र्याच्या चक्रातून लोकांची सुटका नाही, असा त्या भाषणाचा आशय होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ स्थापन झाले, दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणीही याच काळात झाली. म्हणजे बाबासाहेबांच्या विचारात वीज हे सुखसोयीचे साधन नव्हते. ते मुक्तीचे साधन होते.

त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेत हे साधन नव्हते. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. लहानगा भीमराव लवकर झोपे, पहाटे दोनच्या सुमारास वडील रामजी त्याला उठवीत आणि काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्यापुढे त्याचा अभ्यास चाले. पुढे बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम सुरू झाले, तेव्हा हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक वसतिगृहाचे होते. ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूर येथे ते सुरू झाले. रात्रीच्या दिव्याची किंमत जाणणाऱ्या माणसाने समाजाला वसतिगृहही दिले आणि विपुल विजेचे स्वप्नही दिले. त्यामुळे वीजबचतीच्या नावाखाली मुलाच्या अभ्यासाचा दिवा विझवणे हा त्या वारशाशी द्रोह ठरेल. आणि त्याच विजेची रिकाम्या खोलीत उधळण करणे हाही द्रोहच ठरेल.

येथे माझे मत स्पष्टपणे मांडतो. अनेक निवासी शाळांमध्ये वीजबचतीचा सर्वांत सोपा उपाय म्हणून रात्री ठरलेल्या वेळी मुख्य कळ बंद केली जाते आणि परीक्षेच्या दिवसांतही अभ्यास करणाऱ्या मुलाला जिन्यातल्या दिव्याखाली बसावे लागते. हा उपाय अन्यायाचा आहे, आणि गणिताच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. २० वॅटची एक ट्यूब रात्री दहा ते साडेअकरा जळली, तर ०.०३ युनिट वीज लागते. याउलट, अंघोळीच्या पंधरा लिटर पाण्याचे तापमान पंचवीस अंशांनी वाढवायला विजेची सुमारे ०.४४ युनिटे लागतात. म्हणजे एका बादलीच्या विजेत तीच ट्यूब बावीस तास जळते. रोज दीड तासाच्या हिशेबाने सुमारे पंधरा रात्रींचा अभ्यास होतो. शंभर विद्यार्थ्यांच्या शंभर बादल्या म्हणजे रोजची ४४ युनिटे. हिवाळ्यात धुळ्याचा पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो. तेव्हा मुलांना गरम पाणी मिळालेच पाहिजे. परंतु वर्षातील बहुतेक दिवस स्वच्छ ऊन असलेल्या या प्रदेशात ते सौर बंबातून मिळाले पाहिजे. छतावर बंब न बसवता मुलांच्या पुस्तकावरचा दिवा विझवणे याला बचत म्हणता येणार नाही.

प्रमाणाची ही जाण जागृतीचा गाभा आहे. पुष्कळदा विद्यार्थ्यांना सांगितले जाते की मोबाईलचा चार्जर भिंतीत लावून ठेवू नका. सल्ला योग्य आहे. परंतु आजकालचा चार्जर नुसता लावून ठेवला, तर वर्षभरात त्याने दोन-तीन युनिटांहून अधिक वीज क्वचितच जाते. तेवढी वीज रिकाम्या खोलीतला एक पंखा दीड दिवसात खातो. टाकी भरून वाहत असताना अर्धा तास सुरू राहिलेली तीन अश्वशक्तीची मोटर एका युनिटहून अधिक वीज घालवते, आणि बोअरवेलचे पाणी जाते ते वेगळेच. जुन्या पेटीसारख्या रेग्युलेटरवर पंखा हळू केला तर वाचलेली बरीचशी वीज रेग्युलेटर तापण्यातच जाते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर ती खरोखर वाचते. साधा पंखा ७५ वॅटचा, तर नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅटचा असतो. असे चाळीस पंखे बदलले आणि ते रोज दहा तास चालले, तर दिवसाला १८ युनिटे वाचतात, आणि त्यासाठी एकाही मुलाला घामात बसावे लागत नाही. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचे चिन्ह सक्तीचे झाले आहे. संस्थेने खरेदी करताना ते पाहावे आणि विद्यार्थ्यांनाही ते वाचायला शिकवावे.

जे वाचवायचे नाही, त्याचीही यादी हवी. मार्च-एप्रिलमध्ये जळगाव-भुसावळचा पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत परीक्षेला बसलेल्या मुलाच्या डोक्यावरचा पंखा ही चैन नाही. मुलींच्या वसतिगृहातील व्हरांड्याचा, जिन्याचा आणि स्वच्छतागृहाच्या वाटेवरचा दिवा रात्रभर राहिला पाहिजे. तो सुरक्षिततेचा दिवा आहे. आजारी विद्यार्थ्याच्या खोलीला कोणताच नियम नको. काटकसर आणि कंजूषपणा यांतील सीमारेषा येथेच आहे. माणसाला उपयोगी पडणारी वीज ही खर्च झालेली वीज आहे, आणि कोणाच्याही उपयोगी न पडलेली वीज ही वाया गेलेली वीज आहे. वाचवायची ती दुसरी.

मग सवय कशी लागावी? मालकीची जाणीव माहितीतून येते. ज्या वस्तूचा हिशेब आपल्याला कधी दाखवला जात नाही, ती आपली वाटत नाही. म्हणून माझी पहिली सूचना व्यवस्थापनाला आहे. दर महिन्याचे वीजबिल सूचनाफलकावर लावावे. कार्यालय, स्वयंपाकघर, मोटर आणि निवासी इमारती यांना शक्य तेथे स्वतंत्र उपमीटर बसवावेत, म्हणजे कार्यालयातील कूलर किती वीज घेतो हेही विद्यार्थ्यांना दिसेल. मोठ्यांनी स्वतःचा हिशेब झाकून ठेवून लहानांना शील शिकवू नये. दुसरी सूचना शिक्षकांना : मीटरवाचन हे विज्ञान आणि गणित या दोन्ही विषयांचे उत्तम प्रात्यक्षिक आहे. सातवी-आठवीचे विद्यार्थी रोज ठरावीक वेळी आकडा नोंदवू शकतात, आलेख काढू शकतात. मात्र जूनची तुलना एप्रिलशी करून निष्कर्ष काढू नये. उष्मा, सुट्ट्या आणि विद्यार्थिसंख्या पाहून गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ती करावी. नोंद प्रामाणिक असावी, बचत झाली नसेल तर तसेच लिहावे.

तिसरी सूचना विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीविषयी. संघात भांडाराची जबाबदारी ज्या भिक्षूकडे सोपवीत, त्याच्या अंगी पाच गुण पाहिले जात : तो आवडीनिवडीने वागणारा नसावा, द्वेषाने वागणारा नसावा, अज्ञानाने वागणारा नसावा, भयाने वागणारा नसावा, आणि काय जपले गेले आहे व काय जपले गेलेले नाही, हे त्याला ठाऊक असावे. वसतिगृहातील वीजप्रतिनिधी निवडताना हेच निकष लावावेत. तो मित्राच्या खोलीकडे डोळेझाक करणार नाही, न आवडणाऱ्याचे नाव पुढे करणार नाही. त्याचे काम चहाडी करण्याचे नाही. उघडी राहिलेली कळ बंद करण्याचे आणि सायंकाळी सर्वांसमोर त्या दिवसाचा आकडा सांगण्याचे आहे. ही जबाबदारी दर महिन्याला फिरती ठेवावी, म्हणजे वर्षाअखेरीस ती पुष्कळांच्या हातून गेलेली असेल. आणि वाचलेल्या रकमेचा निदान काही भाग ग्रंथालयासाठी राखून कोणती पुस्तके घ्यावीत हे विद्यार्थ्यांनी ठरवावे. वाचलेल्या विजेतून आलेले पुस्तक त्यांच्या हाती पडेल, तेव्हा व्याख्यानाची गरज उरणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, शेवटी दोन गोष्टी तुमच्याशी बोलायच्या आहेत. पहिली पंचशीलाविषयी. न दिलेले घेणार नाही, असे आपण वंदनेत म्हणतो. तारेवर आकडा टाकून घेतलेली वीज ही न दिलेली वस्तूच आहे, मग ती शेतात वापरलेली असो, घरात असो किंवा उत्सवाच्या मंडपात असो. आपल्या वस्तीत जयंतीची रोषणाई होते तेव्हा तिच्यासाठी तात्पुरती अधिकृत जोडणी घेता येते. ती घेण्याचा आग्रह तुम्ही, शिकलेल्या मुलांनी, धरला पाहिजे. ज्यांनी आपल्याला संविधान दिले, त्यांच्या प्रतिमेभोवतीचा प्रकाश चोरीचा नसावा. तसे केल्याने आकडा हातात घेऊन खांबावर चढणाऱ्या एखाद्या तरुणाचा जीवही वाचेल.

दुसरी गोष्ट घराविषयी. सुट्टीत घरी जाल तेव्हा आईला वीजबचत शिकवू नका. ती तिला येते. तिच्याकडून ती पुन्हा शिकून या. तिला सांगायचेच असेल तर एलईडीचा दिवा कोणता घ्यावा, बिलावरचे आकडे कसे वाचावेत, मीटर नीट फिरतो की नाही हे कसे पाहावे, एवढे सांगा. तिच्याजवळ सवय आहे, तुमच्याजवळ माहिती आहे. दोन्ही एकत्र आल्या तर ते खरे शिक्षण.

भगवान बुद्धांच्या अखेरच्या उपदेशात अप्रमाद, म्हणजे सतत जागे राहणे, याला स्थान मिळाले. अप्रमाद मोठ्या प्रसंगीच सिद्ध करायचा असतो असे नाही. खोलीतून बाहेर पडताना क्षणभर थांबून मागे वळून पाहणे हाही अप्रमादच आहे. या जूनमध्ये नवी मुले येतील. कोणत्या वाडीतून, कोणत्या तांड्यावरून, हे आज आपल्याला ठाऊक नाही. त्यांची नावेही आपल्याला माहीत नाहीत. तरीही आपल्या खोलीतली खाट, तिच्यावरचा पंखा आणि त्या दिव्याखालचा अभ्यासाचा तास यांत त्यांचा वाटा आजच राखून ठेवलेला आहे. तो त्यांच्यापर्यंत शाबूत पोहोचवणे, हे आज येथे राहणाऱ्यांचे काम आहे.